यंत्राचा देश, चालकाचा देश : राष्ट्रांच्या मोटार शर्यतींचा इतिहास

मोटार शर्यत जन्मली तेव्हा तिच्यात देश नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फ्रान्समध्ये पॅरिसहून दूरच्या शहरांपर्यंत ज्या शर्यती धावल्या, त्यांत एका कारखानदाराने दुसऱ्याला मागे टाकावे, बाष्पावर चालणारी गाडी श्रेष्ठ की तेलावर चालणारी याचा निकाल लागावा आणि हौशी धनिकांच्या नव्या वाहनाची कसोटी व्हावी एवढाच हेतू होता. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला त्यातली एखादी गाडी आपली वाटावी असे काही कारण नव्हते. हे कारण 1900 साली एका नियमावलीने पुरवले, आणि त्यानंतरच्या शतकभरात त्या कारणाची व्याख्या अनेकदा बदलली. शर्यतीत उतरतो तो देश नेमका कुठे असतो, गाडीच्या लोखंडात, तिच्या रंगात, की सुकाणू धरणाऱ्या माणसाच्या पारपत्रात, या एका प्रश्नाभोवती राष्ट्रांच्या मोटार शर्यतींचा इतिहास फिरत राहिला. तिचे आकर्षणही त्या त्या काळी दिल्या गेलेल्या उत्तरानुसार कधी वाढले, कधी ओसरले.

ती नियमावली जेम्स गॉर्डन बेनेट या अमेरिकी वृत्तपत्र मालकाच्या नावाने ओळखली जाते. ‘न्यू यॉर्क हेरल्ड’ हे पत्र बेनेट यांना वडिलांकडून वारशाने मिळाले होते. आफ्रिकेत लिव्हिंगस्टन यांचा शोध घेण्यासाठी स्टॅन्ली यांना पाठवणारे ते हेच मालक. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये मुक्काम ठोकला आणि 1887 साली तेथून आपल्या पत्राची आवृत्ती सुरू केली. बातमी मिळत नसेल तर ती घडवावी, असा त्यांचा खाक्या होता. मात्र मोटार शर्यतीच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची ठरली. बेनेट हे कसलेले नौकाशर्यतपटू होते. 1866 साली अटलांटिक ओलांडण्याची शिडाच्या नौकांची शर्यत त्यांच्या नौकेने जिंकली होती, आणि न्यू यॉर्कच्या नौका क्लबचे ते प्रमुखही होते. नौकांच्या जगात ‘अमेरिकाज कप’ या करंडकासाठी आव्हान एखादी व्यक्ती देत नसे, क्लब देत असे, आणि आव्हान देणारी नौका त्या क्लबच्या देशातच बांधलेली असावी लागे. बेनेट यांनी समुद्रावरचा हा संकेत उचलून रस्त्यावर आणला.

निमित्त घडले ते 1899 मध्ये, जेव्हा अमेरिकेचे मोटार कारखानदार अलेक्झांडर विंटन यांनी फ्रान्सचे नामवंत चालक फेर्नां शारों यांना शर्यतीचे आव्हान दिले. ती शर्यत जुळून आली नाही. पण दोन माणसांच्या या चुरशीत दोन देशांची चुरस दडलेली आहे हे बेनेट यांनी हेरले आणि फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबकडे एक करंडक सुपूर्द केला. त्यासोबतच्या अटी वाचल्या म्हणजे देणाऱ्याची दृष्टी कळते. प्रवेश राष्ट्रीय मोटार क्लबांनाच होता, आणि एका देशाला जास्तीत जास्त तीन गाड्या उतरवता येत. अंतर साडेपाचशे ते साडेसहाशे किलोमीटरच्या दरम्यान असावे, गाडीत चालक आणि त्याचा मेकॅनिक असे दोघे शेजारी शेजारी बसलेले असावेत, आणि ज्या देशाचा क्लब जिंकेल त्याने पुढील वर्षीची शर्यत भरवावी, असे ठरले. सर्वांत कडक अट गाडीच्या घडणीविषयी होती: तिचा प्रत्येक भाग, अगदी टायरसुद्धा, ज्या देशाच्या नावाने ती धावणार त्याच देशात तयार झालेला असला पाहिजे. चालक कोणत्या देशात जन्मला याविषयी मात्र तसा आग्रह नव्हता. तो त्या क्लबचा सभासद असला म्हणजे पुरे. म्हणजेच बेनेट यांच्या लेखी स्पर्धक देश हा कारखान्यात, ओतशाळेत आणि रबराच्या भट्टीत होता.

आरंभीची दोन वर्षे या करंडकाची फारशी शान नव्हती. 14 जून 1900 रोजी पॅरिस ते लिऑं या मार्गावर पहिली शर्यत झाली, तेव्हा फ्रान्सच्या तीन, बेल्जियमची एक आणि अमेरिकेची एक अशा पाचच गाड्या निघाल्या. विंटन स्वतः आपली गाडी घेऊन आले होते, पण त्यांना माघार घ्यावी लागली. शारों यांच्या पानार गाडीच्या चाकात वाटेत एक दांडगा कुत्रा अडकला, तरीही ताशी सुमारे 62 किलोमीटरच्या सरासरीने त्यांनी शर्यत जिंकली. 1901 साली ही शर्यत पॅरिस–बोर्दो या मोठ्या शर्यतीबरोबरच उरकून घेण्यात आली. त्या वर्षी ब्रिटनच्या नेपियर कंपनीची एक अवजड गाडी तयार होती, पण तिचे ओझे पेलतील असे ब्रिटिश टायर मिळेनात. फ्रेंच टायर चढवले तेव्हा ती गाडी नियमाप्रमाणे ब्रिटिश उरली नाही आणि करंडकाच्या स्पर्धेतून बाद झाली. इंजिन ब्रिटिश, सांगाडा ब्रिटिश, चालक ब्रिटिश, आणि केवळ रबर परके म्हणून गाडी परकी! आज हा नियम हटवादी वाटेल, पण त्या हटवादीपणातच शर्यतीचे खरे बळ होते. पराभव झाला तर तो एका चालकाचा न राहता देशातील कोणत्या उद्योगात काय उणे आहे ते सर्वांसमक्ष दाखवून देणारा होई.

ही उणीव ब्रिटनने वर्षभरात भरून काढली. 1902 सालची शर्यत पॅरिस–व्हिएन्ना मार्गाचा एक भाग म्हणून पॅरिसपासून इन्सब्रुकपर्यंत ठेवली होती. वाटेत स्वित्झर्लंड लागत असे, आणि तेथे शर्यतीला परवानगी नसल्यामुळे तेवढ्या टापूतले अंतर वेगाच्या हिशेबात धरले जाणार नव्हते. फ्रान्सच्या तिन्ही गाड्या एकामागून एक निकामी झाल्या. शेवटी उरलेले रने द क्निफ आल्प्समधील आर्लबर्गचा घाट ओलांडून पुढे गेले आणि तेथे त्यांचीही गाडी बंद पडली. मागून येणारे सेल्विन एज आपल्या नेपियरसह इन्सब्रुकला पोचले आणि करंडक ब्रिटनला गेला. ज्या देशात मोटारीकडे अजून श्रीमंतांचा त्रासदायक छंद म्हणून पाहिले जात होते, त्या देशावर आता नियमानुसार जगातील सर्वांत प्रतिष्ठेची मोटार शर्यत भरवण्याची जबाबदारी येऊन पडली.

अडचण कायद्याची होती. ब्रिटनमध्ये मोटारीची वेगमर्यादा ताशी 14 मैल होती आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा होता. तोड म्हणून आयर्लंडची निवड झाली, आणि केवळ या एका शर्यतीसाठी ब्रिटिश संसदेने 1903 मध्ये आयर्लंडमधील मोटारींविषयी एक स्वतंत्र कायदा संमत केला. रस्ते ठरावीक काळ बंद ठेवण्याची, त्यांवरून वेगमर्यादेविना गाड्या पळवू देण्याची मुभा त्याने दिली. एका करंडकासाठी संसदेने कायदा करावा, यावरून तीन वर्षांत ही स्पर्धा कुठवर पोचली होती याचा अंदाज येतो.

तयारी चालू असतानाच एक भीषण घटना घडली. मे 1903 मध्ये पॅरिस–माद्रिद शर्यत निघाली, ती पहिल्याच दिवशी बोर्दोजवळ सरकारी हुकमाने थांबवावी लागली. उघड्या, वळणदार, माणसांनी गजबजलेल्या रस्त्यांवर ताशी शंभराहून अधिक किलोमीटरच्या वेगाने गाड्या सोडल्याचा परिणाम अटळ होता. मार्सेल रनो यांच्यासह अनेक चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शहराहून शहराकडे जाणाऱ्या शर्यतींचे युग तेथे संपले. त्यामुळे आयर्लंडची शर्यत सुरक्षितपणे पार पडणे ही आयोजकांच्याच नव्हे, तर एकूण मोटार शर्यतीच्या भवितव्याची गरज बनली. डब्लिनच्या नैर्ऋत्येला अथाय या गावाशी जुळणारे दोन वळसे आखण्यात आले, आणि त्यांच्या फेऱ्या मारून एकूण सुमारे 527 किलोमीटर अंतर पुरे करायचे ठरले. गाड्या एकदम न सोडता सात सात मिनिटांच्या अंतराने सोडायच्या होत्या. गावे आली की स्पर्धा तात्पुरती थांबे: गावाच्या वेशीवर गाडी अडवून वेळ नोंदवली जाई, मग सायकलस्वाराच्या मागून तिला बेताबेताने गावातून नेले जाई, आणि दुसऱ्या वेशीवर पुन्हा घड्याळ सुरू होई. या थांबलेल्या वेळेला ‘नियंत्रण’ म्हणत, आणि तो काळ अंतिम हिशेबातून वजा होई.

याच शर्यतीत रंगांची कल्पना सर्वांच्या डोळ्यांत भरली. निरनिराळ्या देशांच्या गाड्यांना निरनिराळे रंग असावेत अशी सूचना काउंट एलियट झ्बोरोव्स्की यांनी केली होती, असे मानले जाते. ते स्वतः 1903 च्याच वसंतात ला तुर्बीच्या चढावरील शर्यतीत मृत्यू पावले, त्यामुळे आपल्या सूचनेचे हे दृश्य त्यांना पाहता आले नाही. फ्रान्सच्या गाड्या निळ्या, जर्मनीच्या पांढऱ्या, अमेरिकेच्या तांबड्या आणि यजमान ब्रिटनच्या हिरव्या होत्या; हा हिरवा रंग आयर्लंडच्या भूमीला मान देण्यासाठी घेतला असे सांगितले जाते, आणि तो पुढे कायमचा ब्रिटिश शर्यती गाड्यांना चिकटला. या रंगांनी जे साधले ते नियमांच्या कलमांनी साधले नव्हते. खडीच्या कोरड्या रस्त्यावरून धुळीचा लोट उडवत एखादी गाडी येई आणि क्षणार्धात दिसेनाशी होई; तिच्यावरचा आकडा वाचता येत नसे, चालकाचा चेहरा चष्म्याआड आणि धुळीच्या थराआड असे, यंत्राची घरघर ऐकून ते कोणत्या कारखान्याचे हे ओळखणारे जाणकार थोडेच. पण रंग लहान मुलालाही दिसे. ज्याला कार्ब्युरेटर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यालाही आता आपली गाडी कोणती हे कळत होते. मोटार शर्यतीला जनसामान्यांचा खेळ बनवणारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक युक्ती जर कोणती असेल, तर ती ही.

2 जुलै 1903 च्या सकाळी सात वाजता एज यांची हिरवी नेपियर प्रथम सुटली. चार देशांच्या प्रत्येकी तीन अशा बारा गाड्या होत्या. जर्मनीच्या बाजूची कहाणी विलक्षण होती. या शर्यतीसाठी बनवलेल्या 90 अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाड्या काही आठवड्यांपूर्वीच कानश्टाटच्या कारखान्याला लागलेल्या आगीत जळून गेल्या होत्या. तेव्हा कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना विकलेल्या 60 अश्वशक्तीच्या गाड्या उसन्या मागितल्या, आणि क्लॅरन्स ग्रे डिन्समोर या अमेरिकी धनिकाची फिरण्याची गाडी शर्यतीसाठी मिळाली. तिच्या सुकाणूवर होते कामिय जेनाट्झी. तांबड्या दाढीमुळे आणि बेफाम हाकण्यामुळे ‘तांबडा सैतान’ म्हणून ते ओळखले जात. 1899 साली विजेवर चालणाऱ्या गाडीतून ताशी 100 किलोमीटरची मर्यादा सर्वप्रथम त्यांनीच ओलांडली होती. जेनाट्झी बेल्जियन होते. त्यांचे सहकारी बॅरन द काटेर्स हेही बेल्जियन, तर तिसरे फॉक्सहॉल कीन अमेरिकी. जर्मनीच्या नावाने धावणाऱ्या तीन चालकांत एकही जर्मन नव्हता, तरीही ती फळी निर्विवादपणे जर्मन मानली गेली, कारण गाड्या जर्मन होत्या.

यजमानांच्या वाट्याला निराशा आली. चार्ल्स जॅरट यांच्या गाडीचे सुकाणू ऐन वेगात निकामी होऊन ती उलटली. ते आणि त्यांचे मेकॅनिक त्यातून बचावले. जे. डब्ल्यू. स्टॉक्स यांनाही शर्यत सोडावी लागली, आणि एज शेवटपर्यंत धावले तरी टायरांनी त्यांना पुरते छळले. अमेरिकेच्या गाड्यांपैकी एकही निकालात आली नाही. जेनाट्झी यांनी ताशी सुमारे 79 किलोमीटरची सरासरी राखून बाजी मारली, द क्निफ दुसरे आले. सहा तासांहून अधिक चाललेल्या या शर्यतीत कोणाचाही जीव गेला नाही, ही गोष्ट निकालाइतकीच महत्त्वाची होती. बंद केलेल्या वर्तुळाकार मार्गावर, पहारा ठेवून, मोटार शर्यत सुखरूप भरवता येते हे आयर्लंडने दाखवून दिले, आणि पुढील सर्व शर्यतींचा साचा तेथेच घडला.

1904 साली करंडक जर्मनीत गेला तेव्हा त्याला राजमान्यता लाभली. टाउनुसच्या डोंगराळ प्रदेशात, सालबुर्ग येथील जुन्या रोमन गढीपासून सुटणारी ही शर्यत पाहायला कैसर विल्हेल्म दुसरे जातीने हजर होते. सात देश उतरले होते. पण त्या सातांच्या यादीतच नियमाला पडलेली पहिली फट दिसते. ऑस्ट्रियाच्या नावाने आलेल्या गाड्या मर्सिडीजच होत्या. त्या व्हिएन्नाजवळच्या डाइमलर शाखेत बनल्याचे दाखवल्यामुळे एकाच कारखान्याला तीनहून अधिक गाड्या उतरवता आल्या. शर्यत मात्र फ्रान्सच्या लेऑं तेरी यांनी रिशार-ब्राझिए गाडीतून जिंकली. तेरी यांच्या फेऱ्यांच्या वेळा इतक्या सारख्या असत की त्यांना घड्याळाचे टोपणनाव पडले होते. जेनाट्झींचा आवेश आणि तेरींचा संयम हा त्या काळच्या प्रेक्षकांचा आवडता वादविषय होता. पुढच्या वर्षी, 5 जुलै 1905 रोजी, ओव्हेर्न्यच्या वळणावळणाच्या घाटांत तेरी यांनी पुन्हा करंडक जिंकला. आरंभी फियाटचे विन्चेन्झो लान्चिया आघाडीवर होते, परंतु एका उडालेल्या दगडाने त्यांच्या गाडीचा रेडिएटर फोडला; तरी दुसरा आणि तिसरा क्रमांक फियाटनेच पटकावला आणि इटली हा आता मोटारींचा देश आहे याची नोंद सर्वांना घ्यावी लागली.

विजयाच्या या क्षणीच फ्रान्सने करंडकाकडे पाठ फिरवली. यामागचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण राष्ट्रांच्या शर्यतींना पुढेही वारंवार याच रोगाने ग्रासले. त्या काळी मोटारींचे सर्वाधिक कारखाने फ्रान्समध्ये होते. तीन जागांसाठी 1904 च्या फ्रेंच निवड शर्यतीत दोन डझनांहून अधिक गाड्या उतरल्या होत्या. दहा कारखान्यांनी प्रचंड खर्च करावा आणि त्यांतील सात-आठ जणांनी खऱ्या शर्यतीला घरी बसावे, असा हा प्रकार होता. उलट ज्या देशात एकच मोठा कारखाना होता, त्याला तिन्ही जागा आयत्या मिळत. सर्व देश समान ही कल्पना झेंड्यांच्या दृष्टीने न्याय्य असली तरी कारखान्यांच्या दृष्टीने अन्यायाची होती. फ्रान्सने प्रत्येक देशाला त्याच्या उद्योगाच्या आकाराप्रमाणे जागा द्याव्यात असे सुचवले, इतरांनी ते नाकारले. अखेर फ्रेंच क्लबने 1906 च्या जूनमध्ये ल मान्सजवळ स्वतःची निराळी शर्यत भरवली, जिच्यात प्रवेश देशाला नसून कारखान्याला होता आणि ज्याला हवे त्याने प्रत्येकी तीन गाड्या आणाव्यात अशी मोकळीक होती. ‘ग्रां प्री’, म्हणजे थोरले पारितोषिक, हे नाव तिला दिले गेले. रनो गाडीतून ती जिंकणारे फेरेंत्स सिस मूळचे हंगेरीचे. आजच्या फॉर्म्युला वन शर्यतींची वंशावळ या शर्यतीपाशी जाऊन पोचते. राष्ट्रांचा करंडक मोडून कारखानदारांनी ती उभी केली हे अनेकदा विसरले जाते. बेनेट यांनी मात्र आपली कल्पना सोडली नाही. 1906 साली फुग्यांच्या आणि 1909 साली विमानांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी त्यांनी करंडक दिले, आणि वायूच्या फुग्यांची ती स्पर्धा त्यांच्याच नावाने आजही होते.

नियम गेला, पण रंग उरले. ग्रां प्री शर्यतीत प्रवेश कारखान्याचा असला तरी गाडी देशाच्याच रंगात रंगवली जाई. इटलीने तांबडा आपलासा केला, आणि पेकिंग–पॅरिस ही अचाट मोहीम 1907 साली जिंकणाऱ्या इटाला गाडीचा रंग त्यामागे होता असे सांगतात. नियमाने न मागितलेला देश प्रेक्षक आपणहून पाहू लागले, आणि त्या पाहण्याची धार किती तीव्र होऊ शकते हे लिऑं येथे 4 जुलै 1914 रोजी दिसले. सारायेव्होतील हत्येला जेमतेम आठवडा झाला होता. झॉर्झ ब्वालो यांनी मागील दोन्ही वर्षी प्यूजो गाडीतून फ्रेंच ग्रां प्री जिंकली होती. समोर पाच पांढऱ्या मर्सिडीज होत्या. सात तास ब्वालो आपल्या गाडीच्या कुवतीबाहेर जाऊन झुंजले आणि शेवटच्या फेरीत त्यांची गाडी बंद पडली. लाउटेनश्लागर, वाग्नर आणि झाल्त्सर यांनी मर्सिडीजला पहिले तिन्ही क्रमांक मिळवून दिले. महिन्याभरात हे दोन्ही देश युद्धात उतरले आणि 1916 साली ब्वालो वैमानिक म्हणून लढताना मारले गेले. लिऑंच्या शर्यतीने युद्ध घडवले नाही हे उघड आहे. परंतु त्या दिवशीच्या प्रेक्षकांना निळ्या आणि पांढऱ्या रंगात जे दिसले ते निव्वळ खेळाचे उरले नव्हते, हेही तितकेच खरे.

1930 नंतर या भावनेत सरकारी पैसा शिरला. नाझी राजवटीने मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन या दोन कंपन्यांना शर्यतीसाठी अनुदान दिले, आणि 1934 पासून त्यांच्या चंदेरी गाड्यांनी युरोपातील मैदाने व्यापली. वजन मर्यादेत बसवण्यासाठी पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचा पत्रा उघडा पडला, ही या चंदेरी रंगाची प्रसिद्ध हकिगत इतिहासकारांना पटलेली नाही. 28 जुलै 1935 रोजी न्युर्बुर्गरिंगवर याच गाड्यांच्या घरात जाऊन तात्सिओ नुवोलारी यांनी जुन्या झालेल्या तांबड्या आल्फा रोमिओतून जर्मन ग्रां प्री जिंकली. इंधन भरण्याचा पंप बिघडल्यामुळे त्यांची दोन मिनिटांहून अधिक वेळ वाया गेली होती, ती त्यांनी भरून काढली, आणि आघाडीवरील फॉन ब्राउखिच यांचा टायर शेवटच्या फेरीत फुटला. फ्रान्सने वेगळा मार्ग धरला: लोकांकडून उभारलेल्या निधीतून दहा लाख फ्रँकचे बक्षीस लावले गेले, ते 1937 मध्ये दलाय गाडीने मिळवले आणि पुढल्या एप्रिलमध्ये पो येथे त्याच कंपनीच्या गाडीतून रने द्रेफ्युस यांनी रूडॉल्फ काराचिओला यांच्या मर्सिडीजला हरवले. द्रेफ्युस हे ज्यू पित्याचे पुत्र होते. हा विजय अनेकांना एका शर्यतीहून मोठा वाटला, आणि तसे वाटण्यात काही गैर नव्हते. आशियातून सयामचे राजपुत्र बिरा फिकट निळ्या आणि पिवळ्या रंगाच्या गाड्या घेऊन याच काळात युरोपात शर्यती जिंकत होते. ज्या देशात शर्यती गाडी बनत नव्हती त्या देशाचाही रंग असू शकतो, हे प्रथम त्यांच्यामुळे लोकांना उमगले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने बी.आर.एम. या गाडीच्या रूपाने बेनेट यांच्या नियमाचाच जणू नव्याने प्रयोग केला. अनेक ब्रिटिश कंपन्यांनी पैसा आणि सुटे भाग देऊन एक राष्ट्रीय गाडी उभी करायची, असा तो उपक्रम होता. ऑगस्ट 1950 मध्ये सिल्व्हरस्टोन येथे मोठा गाजावाजा होऊन ती गाडी प्रथम रांगेत उभी राहिली आणि निशाण पडताच जागच्या जागी बंद पडली. समितीने गाडी बनत नाही, हा धडा घेऊन त्या मंडळातून बाहेर पडलेले बेअरिंग कारखानदार टोनी व्हँडरवेल यांनी स्वतःची व्हॅनवॉल गाडी बनवली, आणि 1957 मध्ये एंट्री येथे टोनी ब्रूक्स व स्टर्लिंग मॉस यांनी आळीपाळीने ती हाकून ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत ब्रिटिश गाडीचा हा पहिला विजय. रंगाला अजून किती किंमत होती हे 1964 च्या अखेरीस कळले, जेव्हा इटलीच्या मोटार संघटनेशी झालेल्या वादातून एन्झो फेरारी यांनी आपल्या गाड्या तांबड्याऐवजी अमेरिकेच्या पांढऱ्या-निळ्या रंगात उतरवल्या आणि जॉन सर्टीझ यांनी अजिंक्यपद त्याच रंगात मिळवले. रंग काढून घेणे ही देशाला दिलेली शिक्षा होती.

चार वर्षांत ही शिक्षा निरर्थक झाली. 1968 मध्ये प्रायोजकांच्या जाहिरातींना मुभा मिळाली आणि लोटसच्या गाड्या ब्रिटिश हिरवा सोडून एका सिगारेटच्या पाकिटाच्या तांबड्या, पांढऱ्या व सोनेरी रंगात धावू लागल्या. वाढलेला खर्च भागवायला दुसरा उपाय नव्हता, हे मान्य करूनही त्या वर्षी शर्यतीने आपली सर्वांना वाचता येणारी लिपी गमावली, असे म्हणणे भाग आहे. फेरारीचा तांबडा टिकला तो अपवाद म्हणून.

राष्ट्रांची शर्यत पुन्हा मांडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न 2005 मध्ये झाला, आणि तो बेनेट यांच्या सूत्राच्या नेमका उलट होता. दुबईच्या राजघराण्यातील शेख मक्तूम हशर मक्तूम अल मक्तूम यांच्या कल्पनेतून निघालेल्या ‘ए-वन ग्रां प्री’मध्ये सर्व देशांना एकच गाडी दिली जाई: आरंभी लोला कंपनीचा सांगाडा आणि झायटेकचे आठ सिलिंडरचे इंजिन. यंत्रात काही फरक करायचा नाही. चालक मात्र त्या त्या देशाचाच हवा. युरोपातील हंगाम संपल्यावर हिवाळ्यात शर्यती, आणि प्रत्येक ठिकाणी एक छोटी व एक मोठी अशा दोन. 25 सप्टेंबर 2005 रोजी ब्रँड्स हॅच येथील पहिल्या दिवशी ब्राझीलच्या नेल्सन पिके धाकटे यांनी दोन्ही शर्यती जिंकल्या. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि आयर्लंड हे चार हंगामांचे चार विजेते. बेनेट यांच्या नियमात भारत, पाकिस्तान, लेबनॉन किंवा इंडोनेशिया यांना कधीच जागा मिळाली नसती, कारण त्यांच्याकडे शर्यती गाड्यांचे कारखाने नव्हते. येथे ते ब्रिटन-जर्मनीच्या बरोबरीने उभे राहिले. 16 डिसेंबर 2007 रोजी चीनमधील झुहाय येथे नारायण कार्तिकेयन यांनी मोठी शर्यत जिंकून भारताला पहिला विजय मिळवून दिला आणि पुढच्या मे महिन्यात ब्रँड्स हॅचवर दुसरा. त्याच हंगामात स्वित्झर्लंडला विजेतेपद मिळवून देणारे नील जानी हे भारतीय वंशाच्या पित्याचे पुत्र.

तरीही ही मालिका 2009 मध्ये बंद पडली. तिची कंपनी कर्जात बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातील शर्यतीला गाड्याच पोचल्या नाहीत. पैसा संपला हे तत्काळचे कारण झाले. पण मुळात एक उणीव होती. गाड्या सारख्या केल्यावर देशाजवळ पणाला लावण्यासारखे उरले ते एका तरुणाचे कौशल्य, आणि तो तरुण चमकला की फॉर्म्युला वनमध्ये निघून जाई. जर्मनीला विजेतेपद मिळवून देणारे निको हुल्केनबर्ग यांची वाट तशीच गेली. 1901 साली एका टायरमुळे ब्रिटनच्या रबर उद्योगाची परीक्षा झाली होती. येथे हरल्याने कोणत्याही देशाच्या कारखान्यावर डाग येत नव्हता. न्याय वाढला, पण जोखीम कमी झाली, आणि शर्यतीला न्यायापेक्षा जोखमीची भूक अधिक असते.

30 ऑक्टोबर 2011 रोजी ग्रेटर नोएडा येथे पहिली भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हा भारतीय प्रेक्षकांसमोर हे दोन्ही प्रकारचे देश एकाच वेळी मार्गावर होते. फोर्स इंडियाच्या गाड्यांवर केशरी, पांढरा आणि हिरवा रंग होता आणि त्या संघाचा परवाना भारतीय होता. पण गाड्या इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनजवळ बनल्या होत्या, इंजिन मर्सिडीजचे होते, आणि चालक होते जर्मनीचे आड्रियान सुटिल व स्कॉटलंडचे पॉल डी रेस्टा. नारायण कार्तिकेयन मात्र स्पेनच्या एचआरटी या संघाची, सर्वांत मागे धावणाऱ्यांपैकी एक गाडी चालवत होते. जेनाट्झींच्या काळचा नियम लावला तर यांपैकी एकही गाडी भारताची ठरत नाही. ए-वनचा नियम लावला तर फक्त कार्तिकेयन यांची ठरते. प्रेक्षकांनी दोघांनाही आपले म्हटले. सुटिल नववे आले आणि त्यांना दोन गुण मिळाले, डी रेस्टा तेरावे आले आणि कार्तिकेयन सतरावे.